पाच दिवसांचा विश्वकर्मा

चारुदत्त सबनीस काळजी करण्यासाठीच जन्माला आले, असं त्यांच्या पत्नी कालिंदीबाई चारचौघांत सांगत, आणि सबनीसांनाही ते फारसं नाकबूल नव्हतं. दूध उतू जाईल म्हणून ते शेगडी पेटायच्या आधीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. ट्राम चुकेल म्हणून इतक्या लवकर निघायचे की आदलीच ट्राम मिळायची, आणि मग कारखान्याचं फाटक उघडेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे. दुसऱ्या एखाद्या नोकरीत हा स्वभाव थट्टेवारी गेला असता. पण त्यांना नोकरी मिळाली ती नेमकी काळजीचीच.

कोलकात्यात खिदिरपूरला गोदीच्या मागे लोखंडी पिंपं बनवणारा एक सरकारी कारखाना होता. कोणत्या यंत्रावर कोणतं काम किती दिवस चालेल आणि कोणतं यंत्र केव्हा थांबवून उघडायचं, हे सबनीसांनी आखून द्यायचं. ऐकायला सोपं, करायला जीवघेणं. यंत्रं बहुतेक सगळी इंग्रजांनी मागे ठेवलेली, झिजत चाललेली, आणि झिजणारं यंत्र आपण कधी बसणार ते आगाऊ कळवत नाही. ते उघडावं तर तेवढे दिवस माल निघत नाही आणि वरून बोलणी खावी लागतात. न उघडता मोडलं तर दुप्पट माल बुडतो, बोलणीही दुप्पट. दोन्हीकडून मार खायची ही नोकरी सबनीस वीस-एक वर्षं इमानेइतबारे करत होते.

वडील विमा कंपनीच्या नोकरीनिमित्त बागबाजारला आले, ते तिथलेच झाले. सबनीसांचं बालपण, शाळा, कॉलेज सगळं इथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली, आणि साहेबासमोर इंग्रजी. कारखान्यात मात्र त्यांना मागच्या वर्षापासून एक नवं नाव पडलं होतं. पत्रे कापणाऱ्या मोठ्या कातरीतून कसलासा आवाज येतो म्हणून ऐन हंगामात त्यांनी ती उघडायला लावली. आत काहीसुद्धा निघालं नाही. बरं, पुन्हा जोडल्यावर तरी ती आधीसारखी चालावी! तर तेही नाही. महिनाभर पत्रा वाकडा कापत राहिली. चांगलं चालणारं यंत्र उघडून बिघडवलं, असा बोभाटा झाला आणि सबनीसबाबूंचे भीतूबाबू झाले. बंगालीत भीतू म्हणजे भित्रा. तेव्हापासून सबनीसांनी कानाला खडा लावला होता, की आता पुरावा हाती असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

आणि सत्याहत्तर सालच्या श्रावणात त्यांना ती दुसरी थाप ऐकू आली.

पिंपाचं झाकण दाबून काढणारा एक अजस्र प्रेस कारखान्यात होता. सगळे त्याला बुडी म्हणत, म्हणजे म्हातारी. बुडीसमोर बारा वर्षं एकच माणूस बसत होता, खगेन दास. डाव्या हाताने पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवायची, हात बाहेर घ्यायचा, पायपट्टी दाबायची. वरून बुडीचं डोकं खाली येतं, धाडकन एक थाप पडते, डोकं वर जाऊन थांबतं. मग उजवा हात आत घालून झाकण उचलायचं. दिवसभर हेच. पायपट्टी दाबल्यावर बुडीने एकच थाप मारावी आणि वर जाऊन थांबावं, यासाठी तिच्या पाठीमागच्या चाकात एक पोलादी खटका होता. तो झिजला की क्वचित सुटत नाही, अडकून राहतो, आणि कुणी पट्टी दाबलेली नसताना डोकं दुसऱ्यांदा खाली येतं. त्या वेळी उजवा हात आत असेल तर तो मनगटापासून गेलाच म्हणून समजायचं.

सबनीस त्या दुपारी पाठमोरे होते, फिटरशी बोलत होते. मागे थाप पडली, आणि तिला चिकटूनच दुसरी. ते गर्रकन वळले. खगेन शांतपणे शेजाऱ्याकडून तंबाखू घेत होता. त्याचे दोन्ही हात बाहेर होते.

"खगेन, दोनदा पडली ना आत्ता?"

"नाही बाबू. एकदाच."

"नीट आठव. मी ऐकलं."

"बारा वर्षं बसतोय हिच्यापुढे," खगेन हसून म्हणाला. "बायकोचा खोकला ओळखणार नाही, पण हिचा ओळखेन. बाजूच्या शेडमध्ये काही पडलं असेल."

पडलंही असेल. सबनीसांना शपथेवर सांगता आलं नसतं, आणि हेच तर सगळं दुखणं होतं. त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. आपल्या खोलीत बसून ते कागदावर आकडे मांडायचे आणि कान शेडकडे. थाप पडली की श्वास रोखायचे. दुसरी आली नाही की सोडायचे. वीज गेली की, आणि त्या दिवसांत ती रोजच जायची, सगळा कारखाना चिडीचूप व्हायचा. लोक घाम पुसत, सरकारला शिव्या देत बाहेर येऊन बसायचे. एकटे सबनीस तेवढा वेळ सुखात असायचे. घरी वरच्या मजल्यावर कुणी बत्त्याने वेलदोडे कुटले तरी त्यांच्या हातातला घास थांबायचा. कालिंदीबाईंनी त्यांना मीठ-मोहऱ्यांनी ओवाळूनसुद्धा पाहिलं.

शेवटी सबनीस व्यवस्थापकांकडे गेले. गुहठाकुरता हे व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते, उलट शहाणे होते, आणि शहाण्या माणसाला पटवणं अवघड असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उघडायला किती दिवस?"

"नवा खटका इथेच घडवायचा तर चार-पाच दिवस."

"पूजेच्या आधी गोदीत जहाज लागतंय, सबनीस. पिंपं त्याच्यावर चढायची आहेत. बुडी बंद म्हणजे झाकणं बंद, आणि झाकणाशिवाय पिंप कोण घेणार? दुर्गापूजेला कारखाना बंदच असतो. तेव्हा उघडा, हवी तितकी उघडा."

"तोपर्यंत महिना आहे, सर. मध्येच जर हात..."

"खगेनला विचारलंत?"

"तो म्हणतो, काही नाही."

"फिटरला?"

"बाहेरून काही कळत नाही, म्हणतो."

गुहठाकुरतांनी चष्मा काढून पुसला. "मागच्या वर्षीही तुम्हाला आवाज आला होता," ते म्हणाले. कठोरपणे नाही, अगदी समजुतीने म्हणाले, म्हणून ते जास्तच लागलं.

सबनीसांनी खगेनला गाठलं. महिनाभर लांब चिमट्याने झाकणं काढ, हात आत घालू नकोस, म्हणून विनवलं. खगेनने दोन दिवस चिमटा वापरला आणि फेकून दिला. चिमट्याने काम निम्म्यावर येत होतं, आणि पूजेच्या तोंडावर ठरल्यापेक्षा जास्त झाकणं काढणाऱ्याला वर पैसे मिळायचे. त्यातूनच घरातल्यांचे पूजेचे नवे कपडे व्हायचे. "पोरी शेजाऱ्यांचे कपडे बघत बसतील पूजेला," खगेन म्हणाला. "तुम्ही उगाच घाबरता, बाबू." आता ज्याच्या हातासाठी घाबरायचं तोच असं म्हणू लागल्यावर माणसाने करायचं काय? सबनीसांना त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि शेवटी नुसतीच भीती उरली.

त्या वर्षी गणपती आणि विश्वकर्मा पूजा लागोपाठ आल्या. विश्वकर्मा म्हणजे कोलकात्याच्या कारखान्यांचा सर्वांत मोठा सण. यंत्रं धुऊनपुसून रंगवायची, हार घालायचे, मूर्तीपुढे घट मांडायचा, दिवसभर गच्च्यांवरून पतंग उडवायचे. त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही, आणि मूर्ती विसर्जनाला हलेपर्यंत, तिच्यापुढचा घट जागचा उठेपर्यंत, यंत्राची कळ कुणी दाबत नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं की पुन्हा खडखडाट सुरू.

सबनीसांकडे गणपती दीड दिवसाचा. विश्वकर्म्याच्या दिवशी सकाळीच उत्तरपूजा झाली, कालिंदीबाईंनी दहीपोहे केले. गणपती जाणार म्हटलं की त्यांचे डोळे भरून यायचेच.

"आमच्या माहेरी पाच दिवस असायचा हो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आपला आला आला आणि गेला."

"ज्याची त्याची रीत."

"तेच म्हणते मी. देव तोच. किती दिवस ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं."

सबनीसांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. कारखान्यात पोचले तर वेगळाच घोळ. पावसाने आवारात घोटाभर पाणी साचलं होतं आणि मूर्ती ठेवायला कोरडी जागा नव्हती. "मोठ्या शेडमध्ये घ्या की," सबनीस म्हणाले. त्यांच्या मनात तोपर्यंत खरोखर काही नव्हतं. लोकांनी मूर्ती उचलली आणि शेडमधली मानाची जागा म्हणून बुडीच्या शेजारी चौरंगावर बसवली. चौरंगावर घटाला जागा उरली नाही, तेव्हा पुरोहितांनी तो सरळ बुडीच्या साच्यावर मांडला, आंब्याचा डहाळा लावून, वर शहाळं ठेवून. नेमका तिथे, जिथे रोज खगेनचा हात जायचा.

सबनीस त्या घटाकडे बघत राहिले. घट हलेपर्यंत बुडी चालणार नाही. आणि खटका आहे तिच्या पाठीमागे, साच्यापासून दूर. घटाला धक्का न लावता तो काढता येईल. अशी लबाडी त्यांनी जन्मात केली नव्हती.

खिचडीच्या पंगतीत सगळा कारखाना मांडीला मांडी लावून बसला होता. गुहठाकुरताही होते. सबनीस पानावरून उठून उभे राहिले. आवाज कापत होता, तो भक्तीने कापतोय असं लोकांना वाटलं असावं.

"आमच्याकडे गणपती पाच दिवस ठेवतात," ते बंगालीत म्हणाले. "वर्षभर राबणारे हात हे, यांच्या देवाला एकाच दिवसात निरोप? या वर्षी आपला विश्वकर्माही पाच दिवस राहू द्या. पाच दिवस प्रसाद माझ्याकडून."

कुणीतरी "जय बाबा विश्वकर्मा" अशी आरोळी ठोकली आणि शेड दुमदुमली. पुरोहितांना विचारलं, तर रोज पूजा होणार असेल तर शास्त्राची हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. रोज दक्षिणा मिळणार म्हटल्यावर शास्त्र हरकत घेणार तरी कशाला! बाकीची यंत्रं दुसऱ्या दिवसापासून चालतील आणि मूर्तीजवळची तेवढी थांबतील, असंही तिथल्या तिथे ठरलं. मूर्तीजवळ होती एकटी बुडी.

गुहठाकुरतांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. हात धुताना ते सबनीसांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मी घट उचलायला सांगितला तर तासाभरात मला घेराव पडेल. तुम्हाला माहीत आहे ते."

सबनीस धुतलेलेच हात पुन्हा धुऊ लागले.

"उघडा. पण आत काही निघालं नाही तर, सबनीस, मी तुम्हाला या खुर्चीवर ठेवू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या पाठीमागे दोन फिटर बुडीचं चाक उतरवू लागले. पुढे उदबत्ती, मागे रॉकेल आणि पान्यांची खणखण. खगेनला सगळा डाव तेव्हा उमगला. तो तडक सबनीसांसमोर येऊन उभा राहिला.

"देवाला मध्ये घातलंत तुम्ही. माझ्या पोरींच्या कपड्यांवर पाय दिलात, तोही देवाच्या आडून. माणसासारखं सांगितलं असतंत तर..."

"सांगितलं होतं, खगेन."

"मी नाही म्हणालो होतो!" खगेन ओरडला. "हात माझा आहे!"

त्याचं म्हणणं खरंच होतं. त्यानंतर खगेनने त्यांच्याशी बोलणं टाकलं, प्रसादालाही हात लावला नाही. सबनीसांची अवस्था विचारू नका. खटका चांगला निघाला तर नोकरीतली जागा जाणार, म्हणून तो खराब निघावा असं वाटायचं. लगेच असं वाटल्याची लाज वाटायची. पुन्हा जोडल्यावर बुडीने कातरीसारखा दगा दिला तर काय, हे तिसरं. त्या दिवसांत त्यांना अन्न गोड लागलं नाही. ट्रामही चुकली, आयुष्यात पहिल्यांदा.

खटका निघाला. पुसून सबनीसांच्या टेबलावर आला. एका अंगाने चांगलाच झिजलेला, कड गोल झालेली. पण अखंड. कुठे चीर नाही, तडा नाही. गुहठाकुरतांनी तो उजेडात धरून उलटसुलट फिरवला.

"हा पूजेपर्यंत चालला असता," ते म्हणाले.

"कदाचित," सबनीस म्हणाले.

"किंवा नसताही चालला."

"कदाचित."

त्यापुढे कुणालाच काही सांगता येणार नव्हतं. मोडला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मोडायच्या आत काढलेल्या खटक्याबद्दल काय सांगणार?

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. नवा खटका घातलेली बुडी सुरू झाली तेव्हा सबनीस भिंतीला टेकून उभे होते. खगेनने त्यांच्याकडे न बघता चकती ठेवली, पट्टी दाबली. थाप पडली, डोकं वर गेलं आणि थांबलं. बुडी छान चालत होती. पण गेलेले पाच दिवस काही परत आले नाहीत. जहाज अर्धी पिंपं घेऊन निघून गेलं. मोडलेलं काही निघालं नव्हतं, तेव्हा गुहठाकुरतांनी शब्द पाळला आणि सबनीसांची बदली भांडारात केली. तिथे खिळे, स्क्रू आणि रंगाचे डबे मोजून द्यायचे होते. काळजी करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, आणि त्याचाच त्यांना सर्वांत जास्त त्रास झाला.

पूजा आली आणि गेली. दसऱ्याच्या संध्याकाळी ढाक वाजवत मूर्ती गंगेकडे निघाल्या. कालिंदीबाईंनी आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून नेहमीसारखी शेजारच्या आवारातल्या कांचनाची पानं आणून देवापुढे ठेवली होती. रस्त्यावर ओळखीअनोळखीचे लोक एकमेकांना कवटाळत होते, मिठाई भरवत होते. विसर्जन झालं की बंगाली माणूस राग बाजूला ठेवून गळाभेट घेतो, ही विजयेची रीत. सबनीस खिडकीतून बघत होते. आपल्याकडे कारखान्यातलं कुणी येणार नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

दाराची कडी वाजली. दारात खगेन उभा होता. हातात संदेश मिठाईचा पुडा. एस्प्लनेडला ट्राम बदलून, गर्दीतून चेंगरत आलेला, सदरा चुरगळलेला. सदरा जुनाच होता.

"राग गेलेला नाही माझा," तो दारातूनच म्हणाला. "पोरींनी या वर्षी गेल्या वर्षीचेच कपडे घातले. पण विजया आहे, आणि तुम्ही वडील माणूस."

तो वाकला, पाया पडला, आणि उठून त्याने सबनीसांना मिठी मारली. दोन्ही हात त्यांच्या पाठीवर पडले, रुंद, राठ, तेलाचा वास मुरलेले. कालिंदीबाईंनी पाट मांडला, ताटलीत करंज्या आणून ठेवल्या, आणि देवापुढचं पान नवऱ्याच्या हातात दिलं.

"अहो, त्यांना सोनं द्या की."

"आमच्याकडे आज पान देतात," सबनीस म्हणाले. "याला सोनं म्हणतात. घे, आणि सोन्यासारखा राहा."

खगेनने उजवा तळवा पुढे केला. सबनीसांनी त्यावर पान ठेवलं, पण स्वतःचा हात काही मागे घेतला नाही. अंगठा, मग एकेक बोट ते चाचपत गेले, पत्र्याने चिरलेली, काळी पडलेली, पाचही.

"एक खरं सांगा, बाबू," खगेन हळूच म्हणाला. "ती दुसरी थाप पडली होती का?"

"मला ऐकू आली होती. पण मला काय, काहीही ऐकू येतं. पडली होती का, ते मला कधीच कळणार नाही."

खगेनने पानावर मूठ मिटली, सबनीसांच्या हातातून हात सोडवून घेतला, पान खिशात ठेवलं आणि त्याच हाताने करंजी उचलून मोडली. सारण बोटांना लागलं, ते चाटलं.

"छान झाली आहे, बौदी," तो कालिंदीबाईंना म्हणाला. "अजून एक द्या."

कालिंदीबाई करंज्या आणायला वळल्या. पण त्यांच्या आधी सबनीसच उठून आत गेले, डबा उघडून उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले.